दोन्ही घरची घाई

११ फेब्रुवारी

माझं लग्न ठरलं. कृषी केंद्रवाल्यानं दिलेली ही डायरी जानेवारीपासून टीव्हीवर पडून होती. आज उघडली, कारण डोक्यात जे चाललंय ते ज्याच्याजवळ बोलावं असं माणूस नाही. वायरमनला दिवसभर माणसं भेटतात, पण लाइट कधी येईल याशिवाय कुणी काही विचारत नाही.

आई धानोऱ्याकडे एका मौतीला गेली होती. तिथं तिला एक मुलगी दिसली. काल आम्ही कुसुमटोल्याला जाऊन मुलगी बघून आलो आणि आज तारीखसुद्धा ठरली, पुढच्याच आठवड्यातली. करिश्मा उसेंडी तिचं नाव. आश्रमशाळेत बारावी झाली. आई नाही. वडिलांचं नाव वारलू, धानाची थोडी शेती, बाकी मोहा आणि तेंदू. कुळाचे देव सोयरिकीला जुळतात. त्यांनी काही मागितलं नाही, आम्ही काही विचारलं नाही.

एवढी घाई मला बरी वाटत नाही. नागभीडची सोयरीक अशीच जुळत आली होती आणि एका फोनवर तुटली. का तुटली ते मला अजून माहीत नाही. तेव्हापासून आई धास्तावलेली आहे. या खेपेला तिनं मला विचार करायला सवड दिली नाही.

मुलगी बारीक आहे. बोलताना सरळ डोळ्यांत बघते. मला म्हणाली, "खांबावर चढता तर भेव नाई लागत?" लागतं, मी म्हटलं. ती हसली. येताना बसमध्ये मला तेवढंच आठवत होतं.

निघताना ती आईला एकटीला घरामागच्या काट्याकुट्यांच्या कुपाटीजवळ घेऊन गेली आणि काहीतरी बोलली. आई परत आली ती पदरानं तोंड पुसत. काय म्हणत होती विचारलं तर म्हणे, "बायाच्या गोठी हायेत. तुले काय करायच्या?"

२३ फेब्रुवारी

लग्न झालं. मांडवाला जांभळीच्या डहाळ्या कमी पडल्या, एवढ्या घाईत झालं. आमच्या ऑफिसातले हरिदासभाऊ जेवताना कानात म्हणाले, "पोरीवाले एवढी घाई करते तर काईतरी असते बाबू. डोळे उघडे ठेवजो." मी हसण्यावारी नेलं, पण ते डोक्यात राहिलं.

जाताना सासऱ्यांनी माझा हात धरला तो बराच वेळ सोडला नाही. म्हणाले, "पोरीले थंडीचं जपा, जवाई. थंडी सोसत नाई तिले." बापाची माया, दुसरं काय.

९ मार्च

तिला गाणी आवडतात, पण सूर लागत नाही. स्वयंपाकात तिखट कमी टाकते. पाणी फार पिते, जिथं बसेल तिथं पाण्याची बाटली जवळ. मी चिडवलं की तू मासोळी आहेस का, तर म्हणाली, "हाव. बाहेर काढली तर मरन."

संध्याकाळी आम्ही नहराच्या, म्हणजे कालव्याच्या, पाळीवरून फिरायला जातो. थोडं चाललं की ती बसते आणि मलाही बसवते. मला आवडतं. घरी आईसमोर आमचं बोलणं होत नाही, तिथं होतं. आज तिनं विचारलं, तारेवर बसलेल्या पाखराला करंट का लागत नाही? मी सांगितलं की पाखरू एकाच तारेला धरून असतं. दुसऱ्या तारेला किंवा जमिनीला अंग लागलं तरच करंट जातो. ती म्हणाली, "म्हणजे एकट्याले काई होत नाई." मला ते बोलणं कळलं नाही, पण तिचा हात माझ्या हातात होता.

लग्नाआधी मला वाटलं होतं, बायको म्हणजे घरातलं एक माणूस वाढेल. आता खांबावर असतानासुद्धा मी घराच्या दिशेला बघतो. हे चांगलं नाही, वर असताना लक्ष हातात पाहिजे.

२१ मार्च

ती गोळ्या खाते. मी फ्यूज टाकायला निघालो आणि पकड विसरली म्हणून परत आलो, तर ती डाळीच्या डब्यातून पाकीट काढत होती. मला बघून मूठ बंद केली. कशाच्या म्हटलं, तर म्हणाली, "केसं गळतात."

केस तर चांगले दाट आहेत.

दिवसभर काम सुचलं नाही. मूल होऊ नये म्हणून बाया गोळ्या खातात, एवढं मलाही कळतं. माझ्यापासून तिला मूल नको आहे? मग लग्न कशाला केलं? हरिदासभाऊंचं बोलणं डोक्यातून जात नाही.

४ एप्रिल

कुसुमटोल्याला दोन दिवस राहून आलो. मोहा पडतोय. पहाटेच सगळा गाव टोपल्या घेऊन रानात असतो, जमीन पिवळी दिसते आणि वासानं डोकं जड होतं. करिश्मा झाडाखाली शालीत बसून होती. एकाही बाईनं तिला टोपली उचलू दिली नाही. लाडाची दिसते. एक म्हातारी माझ्याजवळ येऊन म्हणाली, "आता बरी राह्यते का बाई?" मी काही म्हणायच्या आत सासरे मध्ये आले आणि म्हातारीला गोंडीत काही बोलले. ती निघून गेली.

तिथं करिश्मा वेगळी होती, मोकळी. परत येताना वैनगंगेचा पूल आला तशी गप्प झाली. तिचं मन तिकडं कुणात आहे का? गावातल्या तरुण पोरांची तोंडं मी आठवून बघतो. मला माझीच लाज वाटते, तरी आठवतो.

१९ एप्रिल

काल अवकाळी गारपीट झाली. करिश्मा वाळवणाचे पापड उचलायला धावली आणि चिंब भिजली. आज सकाळपासून तिचे हातपाय दुखतात, कंबर दुखते. ओठ दाताखाली धरून पडली होती, आवाज करत नव्हती. डॉक्टरकडे जाऊ म्हटलं तर नको म्हणाली, वारंवार नको म्हणाली.

आईनं काही विचारलं नाही. सरळ उठली, रुईची पानं आणली, तव्यावर गरम केली आणि तिच्या कोपराला, गुडघ्यांना बांधली. मग अंगावर दोन घोंगड्या टाकल्या आणि चमच्यानं पाणी पाजत बसली. मी म्हटलं, आई, तुला हे बरं येतं. तिनं पान पुन्हा तव्यावर टाकलं. मला थोरल्या बहिणीची, अन्नपूर्णाताईची आठवण आली. मी लहान असताना ती नऊ वर्षांची होऊन गेली, कावीळ झाली होती म्हणतात. मला एवढंच आठवतं की आई तिच्याही हाताला पानं बांधायची.

सासू-सुनेचं इतकं जमलेलं बघून आज बरं वाटलं.

७ मे

मी बरं वाटलं लिहिलं होतं ते खोडून टाकावंसं वाटतं. आईला काय झालंय कळत नाही. त्या दिवसापासून ती करिश्माच्या तोंडाकडे बघत नाही. जेवत नाही नीट. लग्नाआधी नातू नातू करायची, परवा मला एकट्याला म्हणाली, "लेकराची घाई करू नका." आणि आज म्हणाली, "तिले तिच्या बापाकडे धाडून दे."

किती दिवसांसाठी, मी विचारलं.

"धाडून दे म्हटलं ना."

काय केलं तिनं? तर म्हणे काही नाही केलं, पोरगी चांगली आहे. मग? आई उठून बाहेर गेली. चांगली आहे म्हणते आणि घालवून दे म्हणते. म्हणजे आईला काहीतरी कळलं आहे, जे तिला सांगवत नाही. मला वाटतं तेच असणार.

२० मे

करिश्मा महिन्यातून एकदा माहेरी जाते, सकाळी जाऊन संध्याकाळी परत. आज मी दुपारी सासऱ्यांना फोन केला. ती घरी आली का विचारलं. ते आधी गडबडले, मग म्हणाले हो, इथंच आहे, झोपली आहे. मागून बैलांच्या घंट्या आणि माणसांचा आवाज येत होता. ते शेतावर होते.

संध्याकाळी ती बसमधून उतरली. मी नाक्यावर मुद्दाम थांबलो होतो. बाबा कसे आहेत म्हटलं. बरे आहेत, घरीच होते, म्हणाली.

बाप-लेक दोघंही खोटं बोलतात.  तिनं माझ्यासाठी गडचिरोलीहून जांभळं आणली होती. खाल्ली. गोड होती, ह्याचाच जास्त राग आला.

१३ जून

आज बोललो. न बोलता राहिलो असतो तर बरं झालं असतं.

डाळीच्या डब्यातलं पाकीट मी तिच्यासमोर ठेवलं आणि विचारलं, ह्या गोळ्या कोणासाठी खातेस? गडचिरोलीला कोणाला भेटतेस? तिचं तोंड पांढरं पडलं. मला वाटलं आता रडेल, नाहीतर भांडेल. ती म्हणाली, "तुमाले काय वाटते?"

मला जे वाटत होतं ते मी म्हणालो. ते इथं लिहीत नाही.

तिनं पाकीट उचलून परत डब्यात ठेवलं. मग म्हणाली, "तसंच समजा."

आई दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं. मी तिच्याकडे बघितलं, तर तिनं मान खाली घातली.

३० जून

आम्ही एका घरात राहतो आणि बोलत नाही. ती डबा भरून देते, मी घेतो. फिरणं बंद. ती बारीक झाली आहे, डोळे पिवळट दिसतात. विचारावंसं वाटतं आणि विचारत नाही. रोज कामावर जाताना ठरवतो की आज बोलीन.

२२ जुलै, गडचिरोली

दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून लिहितोय. 

पावसानं चार ठिकाणी लाइन तोडली होती. मी तीन दिवस सबस्टेशनवरच राहिलो. खरं सांगायचं तर घरी जाता आलं असतं, मी गेलो नाही. परवा दुपारी करिश्मा तिथं आली. रस्त्यावर गुडघ्याएवढं पाणी, छत्री उलटलेली, छातीशी पिशवी धरलेली. पिशवीत माझे कोरडे कपडे. म्हणाली, "ओल्या कपड्यानं खांबावर चढू नका." पिशवी दिली आणि आली तशी निघाली. हरिदासभाऊंनी मला ढकललं, म्हणून मी मागे गेलो. वळणावर ती रस्त्याच्या कडेला बसलेली होती. छाती धरून. श्वास घेता येत नव्हता.

कुणाच्या तरी पिकअपमध्ये टाकून इथं आणलं. वॉर्डातल्या रीता सिस्टर तिला नावानं ओळखत होत्या. "करिश्मा, किती वेळा सांगितलं भिजू नकोस?" असं म्हणत त्यांनी ऑक्सिजन लावला. मी त्यांच्याकडे बघत राहिलो. तेव्हा त्यांनी विचारलं की तुम्ही कोण. नवरा, म्हटलं.

"मग तुम्हाला माहीत नाही? सिकलसेल आहे तिला, रक्ताचा आजार, जन्मापासून. दर महिन्याला गोळ्या न्यायला इथंच तर येते."



२४ जुलै

ती शुद्धीत आहे. रक्त चढवलं. मी तिच्या पायाशी बसतो. तिनं एकदाच डोळे उघडून विचारलं, "सांगितलं त्यायनं?" हो म्हटलं. तिनं तोंड भिंतीकडे केलं.

आता सगळं उलगडतं आणि प्रत्येक गोष्टीनं चटका बसतो. थंडी, पाणी, पाळीवर बसणं, म्हातारीचा प्रश्न. सगळ्या गावाला माहीत होतं. मला फसवून लग्न लावलं, याचा राग येतो. मग मी जूनमध्ये काय बोललो ते आठवतं आणि तो रागही धरता येत नाही.

डॉक्टरांनी माझंही रक्त घ्यायला सांगितलं. नवरा निरोगी असेल तर मुलांना आजार होत नाही, फक्त वाहक होतात, म्हणजे रक्तात दोष असतो पण त्रास नसतो, म्हणाले. पण नवराच वाहक असेल, तर दर खेपेला निम्मी भीती. मी म्हटलं माझ्या घरी हा आजार नाही. तरी घेऊ द्या, म्हणाले.

१ ऑगस्ट

मी वाहक आहे.

सासरे परवाच येऊन करिश्माला कुसुमटोल्याला घेऊन गेले. मला नमस्कार करून म्हणाले, "चूक माही हाये, जवाई. सोडचिठ्ठी पायजे तर मी पंचापुढे येतो."  तिनं मागे वळून बघितलं नाही. त्यामुळे हा निकाल मी एकट्यानं ऐकला.

घरी येऊन आईला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं. मला वाटलं तिला धक्का बसेल. तिला धक्का बसला नाही.

"अन्नपूर्णा काविळीनं नाई गेली," आई म्हणाली.

मग सांगत गेली. तेव्हा बाबा होते, नागपूरच्या डॉक्टरनं तेव्हाच आई-बाबांचं रक्त तपासलं होतं, माझंही. नागभीडच्या लोकांनी विचारलं तेव्हा तिनं खरं सांगितलं आणि सोयरीक तुटली. त्यानंतर तिनं ठरवलं की आता सांगायचं नाही. कुपाटीजवळ करिश्मानं तिला तेच विचारलं होतं: तुमच्या घरी सिकल आहे का कुणाला? आईनं नाही म्हणून सांगितलं. ती का विचारते हे तेव्हा आईला कळलं नव्हतं. एप्रिलमध्ये पोरगी तळमळताना बघितली, तेव्हा कळलं.

"म्हणून धाडून दे म्हणत होतीस?"

"मी एक लेकरू तसं जाताना पाह्यलं, बाबू. तुह्यं पाह्याले मले जगायचं नाई."

मी जूनमध्ये तिला नको ते बोललो तेव्हा तू दारात उभी होतीस, मी म्हटलं. आईनं सूप पुन्हा उचललं. मी न जेवता बाहेर पडलो.

६ ऑगस्ट

आई म्हणते, आधी तिला घेऊन ये, मग सावकाश सांग. आता सांगितलंस तर ती येणार नाही.

मला हे पटतं, हीच पंचाईत आहे. करिश्मा समजते की फसवलं तिनंच. मी मोठ्या मनानं माफ केलं असं म्हटलं, तर ती येईल. घर पुन्हा सुरू होईल. मी तसंच ठरवतो, अंघोळ करतो, बूट घालतो, आणि एसटी स्टँडवरून परत येतो. असं दोनदा झालं. काल एका डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, लाइन बंद न करताच फ्यूज टाकत होतो. हरिदासभाऊंनी हात धरला आणि मला घरी पाठवलं.

ती लपवत होती तेव्हा मला कीड लागल्यासारखं झालं होतं. आता ती कीड माझ्याकडे आहे.

१० ऑगस्ट

जाऊन आलो.

ती अंगणात उन्हाला बसली होती. सासऱ्यांनी खाट टाकली आणि ते बैलाकडे निघून गेले. मी बसलो नाही. बसलो असतो तर गोड बोललो असतो. उभ्यानंच सांगितलं की माझ्या रक्तात आहे, माझी बहीण त्यानंच गेली, आईनं तुला खोटं सांगितलं, मला दहा दिवसांपूर्वी कळलं. जूनमध्ये जे बोललो त्याला माफी नाही, तेही सांगितलं.

ती ऐकत होती. मग हळू म्हणाली, "मी तेवढीच एक गोठ इचारली होती. म्हटलं एक जण चांगला असला तर लेकराले काई होत नाई. तेवढ्याच भरोशावर मी आली." पुढं म्हणाली, "मी रोज तुमच्याकडे पाहून म्हणू, या माणसाले मी फसवलं. पाच महिने मले झोप नाई."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुमी मले बायको म्हणून पाह्यलं असतं का? आश्रमशाळेपासून सारे मले आजारी म्हणूनच पाहून राह्यले. तुमी पह्यले होते, ज्यायनं मासोळी म्हटलं."

मी म्हटलं, मूल नाही झालं तरी चालेल. ती एकदम चिडली. "तुमाले चालन. मले काय चालन ते कोणी इचारलं का? तुमच्या आईनं ठरवलं, माह्या बापानं ठरवलं, आता तुमी ठरवता."

 तिनं मला जा म्हटलं. जेवूनही जा म्हटलं नाही. सासरे फाट्यापर्यंत सोडायला आले. पुलावर आलो तेव्हा लक्षात आलं की किती तरी दिवसांनी मन हलकं आहे. ती मात्र हातची गेली.

२० ऑगस्ट

फोन नाही. मी केला नाही. आई विचारत नाही.

२८ ऑगस्ट

दुपारच्या एसटीनं ती आली. एकटी, हातात पिशवी. मी जेवायला घरी आलो होतो. तिनं माझ्याकडे एकदा बघितलं, पाणी मागितलं, उभ्यानंच प्यायली. मी विचारलं, राहायला आलीस का? "अजून ठरवलं नाई," म्हणाली. "गडचिरोलीच्या डॉक्टरनं बुधवारी दोघायले बोलावलं. लेकरू राह्यलं तर पोटात असतानाच तपासता येते म्हणते. तुमी याल का?"

येईन म्हटलं.

"पह्यले तुमच्या आईशी बोलाचं हाये मले. तुमी बाहेर बसा."

दार लावून घेतलं तिनं. आता तासभर होत आला. आधी नुसता तिचा आवाज येत होता, कुपाटीजवळ खोटं काऊन बोलले, माह्या पोटाचं होतं ते, तुमच्या नाई. मग आईचा आवाज चढला, की तू तरी कुठं खरं बोललीस माझ्या पोराशी. मग दोघींचाही एकदम. शेजारची काकू फाटकात येऊन उभी राहिली आहे आणि मला खुणेनं विचारते, काय झालं. मी मान हलवून काही नाही म्हणतो.

मधे आई रडली. करिश्माही रडली बहुतेक. आता पुन्हा भांडण सुरू आहे, मोठ्यानं, कोण काय म्हणालं, कधी म्हणालं, सगळं. ऑफिसातून दोनदा फोन आला, व्याहाडच्या रस्त्यावर तार पडली आहे. हरिदासभाऊंना म्हटलं, आज तुम्ही बघा. फेब्रुवारीपासून या घरात सगळे हळू आवाजात बोलत होते. मी पायरीवर बसलो आहे आणि एकूण एक शब्द मला ऐकू येतोय.